तीन खांब कमी

विश्रामबागेतल्या गच्चीवरून कृत्तिका चार.
चष्मा पुसून, रस्त्यावरच्या दिव्याला तळहात आडवा धरून
पाच,
पण पाचवी मी शपथेवर सांगणार नाही.
दिवसभर लॅबमध्ये काचपट्टीवर पेशी मोजते,
नसलेलं मोजायचं नाही एवढी शिस्त आहे डोळ्याला.

दंडोबाला गेले, तर डोंगरावर नवा हायमास्ट
आणि पश्चिमेला मिरज,
आकाशावर पिवळट साय धरल्यासारखी.
सहा.
कवठ्याच्या पुढं माळावर पवनचक्क्या,
रांगेनं लाल दिवे, एकदम उघडणारे, एकदम मिटणारे.
साडेसहा, असं वहीत लिहिलं
आणि खोडलं.

मग कुणी म्हणालं, दस्तगीर मुजावरांना विचारा.
बत्तीस वर्षं लाइनमन. जत, संख, उमदी, सगळा पट्टा
आधी सायकलवर, मग लूनावर.
उजेड कुठं आहे ते कुणालाही दिसतं,
तो कुठं संपतो ते ह्यांना पाठ.

बशीत चहा ओतत म्हणाले,
"अंधार पायजे?
आमचं दार लोकांनी लई ठोठावलं,
पण हे मागायला कुणी आलं नव्हतं."

पौषातली अवस. टपावर दुर्बीण:
ठिबकवाल्याकडचा पांढरा पाइप,
आत सात महिने ओट्यावर घासलेला आरसा.
संखच्या पुढं डांबर संपलं, मग खडीही,
मग दोन शाळूंच्या मधली चाकोरी.
मुजावर खिडकीबाहेर बघत
तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते.
मला वाटलं, दुवा.
खांब मोजत होते.

"एकोणचाळीस. थांबवा.
हा माझा शेवटचा. पुढं अजून तीन पायजे होते.
साहेब म्हणाले, पुढच्या बजेटात."
साल त्यांना आठवेना. साहेबांचं नाव आठवलं.

दिवे बंद केले.
आधी नुसतं गार वारं आणि इंजिनाची टिकटिक.
मग डोळ्यांना धीर येत गेला.
तिकांडं डोक्यावर, हात लावला तर टोचेल असं.
दक्षिणेला, कणसांना जवळजवळ टेकलेला अगस्त्य.
कृत्तिका मोजल्या.
नऊ.
परत मोजल्या. नऊच.
मशीनचा आकडा आणि माझा आकडा जुळला
की लॅबमध्ये येतं, तसं हसू आलं.

तेवढ्यात कुत्रं भुंकलं,
आणि मोबाइलचा उजेड हलत हलत आला
थेट डोळ्यात.
अर्धा तास कमावलेला अंधार गेला.
पुढं एक बाई, मागं पोरगा.
बाईनं पाइप बघितला. मुजावरांना बघितलं.
परत पाइप.

"आला का ओ खांब?"

बत्तीस वर्षं ज्यांच्याकडं उत्तर तयार असायचं
ते मुजावर टोपी काढून
हातात फिरवत राहिले.

मायव्वा तिचं नाव. मी तिला मृगातला तेजोमेघ दाखवला,
दुसरं काय दाखवणार होते?
पाहुण्याचं मन राखावं तशी वाकून बघितली.
"धूर हाय," म्हणाली. "ओलं लाकूड घातल्यागत."
पोरगा मात्र डोळा लावून बसला तो हलेना.

"दिवा आल्यावर बी दिसंल का हे?"
"दिसेल," मी म्हणाले. मग म्हणाले, "थोडं कमी."
"किती कमी?"
मोजणाऱ्या माणसाला असं कुणी विचारू नये.
"त्या झुबक्यात नऊ आहेत," मी म्हणाले.
"दोन जातील. कदाचित तीन."

तिनं मान वर केली.
मोजल्या की नाही, अंधारात कळलं नाही.
"जाऊ द्या की मग," म्हणाली.

वहीत तारीख लिहिली, गाव, वेळ, कृत्तिका नऊ.
शेऱ्याचा रकाना तसाच राहिला,
कारण मुजावरांनी पेन मागितलं,
मागचं एक पान फाडून घेतलं,
आणि बॉनेटवर ठेवून लिहायला लागले:
मा. उपअभियंता साहेब, वि. वि.
एकूण खांब तीन.

मी लाल टॉर्च धरला.