भिंतीलगतचा थर

परळच्या इस्पितळाच्या गच्चीवर दोन कुलिंग टॉवर आहेत.
तळघरात चिलर, मधे नऊ मजले आजारी माणसं,
आणि वर हे दोघे, रात्रभर वाफ सोडत.
साडेनऊ वर्षं मी यांचा निरोप्या:
खालची ऊब पाण्याच्या ओटीत घालायची,
पाणी वर चढवायचं, ऊब आभाळात सांडायची.
ती पुढे कुठे जाते, मला कधी कुणी विचारलं नाही.
मीही मान वर केली नाही.

पाइपातून पाणी कितीही धावो,
भिंतीला टेकलेलं पाणी धावत नाही.
मधे सगळी धांदल, भोवरे, उलथापालथ,
आणि कडेला हा केसाएवढा थर,
उंबऱ्यात अवघडलेल्या पाहुण्यासारखा.
ऊब आधी त्याच्यातून जाते, हातोहात, कणाने कणाला देत,
मगच प्रवाह तिला उचलतो.
आयटीआयमध्ये मसुरकर सर फळ्यावर खडू आपटून म्हणायचे,
सगळा खोळंबा इथे होतो, पोरांनो. या पातळ थरात.

ऋजुता दोन वर्षं माझ्याशी दोन शब्दांवर बोलत नव्हती.
हो बाबा. नको बाबा.
एक्स-रेच्या डिप्लोमाचा फॉर्म आणला होता मी,
स्टाफच्या कोट्यातला,
तिने न मागता.

जानेवारीत एका रात्री ती गच्चीवर आली.
कॉलेजची दुर्बीण, ओढणीत गुंडाळलेली, तान्ह्या पोरासारखी.
"गुरू बघायचाय. आपल्या गच्चीवर त्या होर्डिंगचा उजेड येतो."
वर्षभरातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.

बराच वेळ डोळा लावून बसली.
"उकळतोय," म्हणाली.
मी पाहिलं: तापल्या तव्यावर तुपाचा थेंब.
"त्याचा दोष नाही. मधली हवा हलते,
गरम वर जाते, गार खाली येते, उजेड वाकडातिकडा पोचतो.
तारे लुकलुकतात तेही असंच."
मग म्हणाली, सूर्यसुद्धा वरच्या थरात खदखदतो, पिठल्यासारखा,
एकेक बुडबुडा महाराष्ट्राहून रुंद.
बोलता बोलता तिची नजर
दोन नंबरच्या टॉवरवर गेली, आणि ती गप्प झाली.

ती मधली हवा माझी होती.

मी फोन करून विचारलं: ऑपरेशन थिएटर रिकामं आहे?
रिकामं होतं.
पॅनलशी गेलो, दोन नंबरचा पंखा बंद केला,
सगळा भार लांबच्या कोपऱ्यातल्या एकवर.
पाती थांबायला वेळ घेतात.
वाफ आधी वाकली, मग विरळ झाली,
उरलीसुरली मतलई वाऱ्याने उचलून वरळीकडे नेली.
खाली कंडेन्सरचं पाणी एकतीसचं बत्तीस, बत्तीसचं तेहतीस.

"थांबला," ती कुजबुजली. "बाबा, या लवकर."

एक वाटोळा, निवांत दाणा.
त्याच्या ओळीत चार ठिपके, तीन इकडे, एक तिकडे,
पंगतीतून उठून
कुणी दूर जाऊन बसावं तसा.
"हा उजेड तिथून निघाला त्याला पस्तीस-चाळीस मिनिटं झाली."
मी हिशेब केला. तेव्हा मी खाली डबा उघडत होतो.
आणि ही?
बहुतेक फाटकाबाहेर, दुर्बीण पोटाशी धरून,
जाऊ की नको करत.

आठ मिनिटं. अलार्म वाजायच्या आत पंखा लावला.
लॉगबुकात लिहिलं: टॉवर २, पंखा बंद, बेल्ट तपासणी.
खाली सही केली.
बेल्टला काही झालं नव्हतं.

गुरू पुन्हा तव्यावर.
तिने दुर्बीण ओढणीत गुंडाळली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.
"बाबा, ही ऊब जाते कुठे?"

मी भिंतीपासून सुरुवात केली.
नऊ मजले जिन्याने उतरलो आम्ही.
लिफ्ट चालू होती.