पायबंद

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात यंदा
दर्शना आलीये थेट ओशहून,
डॉक्टरकीचं एक वर्ष अजून बाकी.
राहुटीसमोर भाच्याच्या पायांना तिने
काळा-पांढरा दोरा बांधला.
म्हणाली, तिकडे पोर चालायला लागलं की
असंच करतात. लांबून मुलं पळत येतात,
पहिला पोचेल त्याने दोरा कापायचा.
तुशो म्हणतात. म्हणजे पायबंदच, घोड्याचा.

भाऊंनी मान वर केली.
चाळीस वर्षं त्यांनी गाठीच शिकवल्या,
न सुटणाऱ्या.

तापीच्या अंगाने सहा पोरं सुटली.
धुळीतून पहिली निघाली
शब्बीर नालबंदाची नात जुलेखा,
एक चप्पल हातात.
कात्री कुणाकडेच नाही.
मग खूर तासायची सुरी आली,
भाऊंनी ती आधी धोतराला पुसली.

दोरा तुटला. जयपाल दोन पावलं चालला,
तिसऱ्याला
लिदीत फतकल मारून बसला
आणि टाळ्या त्यानेच आधी वाजवल्या.

रात्री शेकोटी विझत आल्यावर पाहिलं,
न विकल्या गेलेल्या घोडीच्या आयाळीत
भाऊ तो तुटका दोरा गुंफत होते.
मला बघून म्हणाले,
"विचार गं तिला,
तिकडे घोडीला काय भाव चाललाय."