रिकामं चालू दे

माळ्यावरून काढलं तेव्हा
आधी आला तो कांदा-लसूण चटणीचा वास.
सहा वर्षं शेजारीशेजारी राहिले दोघं,
चटणीची बरणी आणि हे श्वासाचं मशीन,
मधे आडवी फक्त माझी केएमटीची खाकी पँट.
मग डांबरगोळ्या. मग झुरळं.
आणि पिशवीच्या अगदी तळाशी
माझ्याच झोपेचा आंबूस वास.

'लई दिवसांनी भेटलास,' मी म्हटलं.
'कुणाशी बोलताय?' शालन आतून.

नळी उजेडाकडे धरून बघितली.
आत एक कोळी, वाळलेला, पाय दुमडून,
शेवटच्या स्टॉपवर उतरायचं विसरलेला पॅसेंजर.
फिल्टर पांढरा असतो म्हणे.
हा शिरोलीच्या फौंड्रीत जन्मल्यासारखा.
पाण्याच्या डबीत बोअरच्या क्षारांची खरखरीत साय.
माझंच काम ते.
सोळा किलो उतरलो रंकाळ्याला फेऱ्या मारून,
डॉक्टर म्हणाले आता गरज नाही,
तेव्हा डबीतलं पाणीसुद्धा न ओतता
कोंबलं होतं वर, एखादी उधारी मिटवावी तसं.

राजारामपुरीतला तो दुकानदार, कवठेकर, पोरगाच आहे.
तो सांगत गेला, मी कॅलेंडरच्या पानामागे लिहीत गेलो.
कोमट पाणी, साधा साबण, घासणी लावू नका.
डबीत एक वाटी पांढरं व्हिनेगर, तीन वाट्या पाणी, अर्धा तास.
डेटॉल नको, अत्तर नको, नळी उन्हात नको.
मशीनच्या पोटात थेंब जाता कामा नये,
पिळलेल्या फडक्यानं वरवर पुसा.
फिल्टर नवा. मास्क नवा, काकूंच्या चेहऱ्याच्या मापाचा.
'आणि प्रेशर त्यांच्या रिपोर्टवर लावून देतो, काका.
तुमचा आकडा त्यांना चालायचा नाही.'

रिपोर्ट या वेळी शालनचा आहे.
तासाला चौतीस वेळा
बाई मधेच थांबते
आणि परत गिअर टाकते.
मला कळलं ते लाइट गेलेल्या रात्री.
पंखा थांबला, आणि ऐकू आलं
की काहीच ऐकू येत नाहीये.
मी मोजलं.
एकोणिसाव्याला तिनं हवा ओढली,
विहिरीतून घागर यावी तशी, हिंदकळत.

सकाळी सांगितलं. ती चहा गाळत होती.
'एकोणीस व्हय,' म्हणाली.
'मी एकतीसपर्यंत मोजलंय. तुमचं.
दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला डोळा लागला न्हवं तुमचा,
त्याच्या आधी दोन वर्षं.'
'मग हलवायचं न्हाईस?'
'हलवायची की. तुम्ही म्हणायचा,
झोपू दे गं, पहाटंची गाडी हाय.'
आणि गाळणं आपटलं मोरीत.

नळी दोरीवर, बोळातल्या सावलीत,
तिच्या परकराशेजारी ठिबकत होती.
मुल्लाभाभींनी विचारलं, व्हॅक्युम क्लीनर घेतला का नवा?
मी हो म्हटलं.
का म्हटलं कुणास ठाऊक.
एवढी वर्षं भरली बस ओढली,
एका नळीची कसली लाज.

व्हिनेगरनं घरभर लोणचं मुरल्यासारखं झालं.
डबी चकाकली. एका कोपऱ्यात राहिलाच थोडा डाग,
नखानं खरवडला, तरी राहिला.

कवठेकर म्हणाला होता,
एक रात्र खिडकीत रिकामं चालू दे, वास उडतो.
तर आता चाललंय.
तोंड नसलेली फुंकर पडद्याला लागते,
पडदा थोडा उचलतो, थोडा बसतो.
आम्ही दोघंही जागे.

ती उठली, नळीला नाक लावून आली.
'चटणीचा गेला.'
'मग?'
'तुमचा हाय अजून.'
'उद्या परत धुतो.'
'धुवा की,' म्हणाली, आणि कुशीवर वळली.

थोड्या वेळानं खोलीत फक्त मशीनचा आवाज उरला.
मी उशीवरनं मान उचलली.
पाच.
सहा.