दुहेरी सोळा

ग्रिम्सबीच्या गोदीमागच्या क्लबात
विक्रमांची वही अजून आहे,
बिअरच्या ग्लासांचे गोल डाग पडलेली.
साल, विजेता, उपविजेता, सरासरी.
अक्षर सगळं एनिड थ्रेलफॉलचं.

एकतीस वर्षं ती फळ्याशी उभी,
पाचशे एकातून वजा करत,
खडूची धूळ केसांत, घशात.
वजाबाकी कधी चुकली नाही.
या खेळात शून्यावर आधी पोचेल तो जिंकतो.
गोदीतले ट्रॉलरही असेच शून्यावर आले,
तिथे मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

शहात्तर साल. अंतिम सामना.
तिच्या हेडलीला बत्तीस हवे होते, हातात तीन बाण.
पहिला तारेबाहेर.
दुसरा तारेवर आपटून खाली, लाकडावर टण्ण.
तिसरा सोळातच,
पण एकेरी.
मान न वळवता तिनं लिहिलं: बाकी सोळा.
त्याची पाळी परत आलीच नाही.

वहीत सगळ्यांची नुसती आडनावं.
त्या एका ओळीत, उपविजेत्याच्या रकान्यात,
हेडली जॉर्ज थ्रेलफॉल, पूर्ण, सावकाश लिहिलेलं.
आणि समासात पेन्सिलीनं,
रबरानं घासूनही न गेलेलं:
पहिल्या बाणाला
खोकले ती मी.