पडता आकडा

सटन ब्रिजच्या धक्क्यावर, वजनकाट्याला लागून
माझी खोली. एक खिडकी, एक सिंक,
उकळत्या पाण्याचं भांडं, दोन नळ्या, एक सळई.
सात ग्रॅम पीठ, पंचवीस मिली पाणी,
बूच लावून जोरात हलवायचं,
यंत्र मिनिटभर ढवळतं,
मग सळई सोडून द्यायची
आणि ती तळाला टेकेपर्यंत सेकंद मोजायचे.
अडीचशे किंवा वर: पाव.
खाली: स्पेनमधली डुकरं.

ऑगस्टात अकरा दिवस पाऊस लागला.
उभ्या ओंबीत दाणा फुगला, कोंबाला जाग आली.
रेडिओवरची बाई हवामान सांगावं तसं सांगते,
यंदा पीक अंदाजाहून कमी, प्रत त्याहून कमी,
तरी भाव उठायचा नाही,
काळ्या समुद्राकडे खळी ओसंडतायत,
शिवाय पौंड वधारलाय.
"म्हणजे पाऊस माझ्या रानात,
ऊन त्यांच्या," एडविन स्नीथ म्हणतो,
"आणि भाव दोघांना मिळून एक."

आज तो ट्रकमागून स्वतःच आला.
वाल्देमार केबिनमध्ये सँडविच खात बसलेला,
मागे एकोणतीस टन.
पहिली नळी: दोनशे अठ्ठेचाळीस.
नियमात एकदा फेरतपासणी बसते. केली.
दोनशे एकेचाळीस.
टनामागे अडतीस पौंड.
गुणाकार त्याने माझ्याआधी केला,
ओठ हलताना दिसले मला.

"तुझी सळई जड नाही ना?"
भांडायला नव्हता विचारत.
मी म्हटलं, आमच्या शेवगावात
एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया घालत.
गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा,
चीक मोठ्या पातेल्यात शिजवायचा.
माझं काम लाटणं धरायचं.
लाटणं चिकात उभं राहिलं की झालं.
कलंडलं तर आत्या कुणाशी बोलायची नाही,
गहू कुठून आणला तेवढं विचारायची.
हे यंत्र तेच आहे, मिस्टर स्नीथ.
फक्त याला घड्याळ आहे.

त्याने चार दाणे तोंडात टाकले.
कडकन आवाज आला.
"आवाज तर पावाचा आहे," म्हणाला.
मग पावतीवर सही केली, नेहमीसारखी,
आडनावाचा शेवट कागदाबाहेर जाणारी.
गाडी डावीकडे वळली, चाऱ्याच्या ढिगाकडे.
सीगल उठले, पुन्हा बसले.
नेन नदीत 'ॲनेलोरे' भरतीची वाट बघत होती,
आणखी नऊशे टन घेतल्याशिवाय
ती हलणार नव्हती.

नमुन्यातला उरलेला गहू
मी घरी नेला. शुक्रवारी भिजत घातला,
रविवारी रात्री गॅसवर ठेवला.
लाटणं उभं राहिलं नाही.
उभं राहणार नाही हे माहीत होतं,
तरी तीनदा सोडून बघितलं.
चीक पातळ, सुतासारखा ओघळणारा,
पण कोंबाने पिठाची साखर केलेली.
चमच्याने खाल्ला, उभ्याउभ्या, गरम.
गोड होता. चांगलाच गोड.
आमच्या तक्त्यात ओलावा आहे, प्रथिनं आहेत,
काडीकचरा आहे, हेक्टोलिटरचं वजन आहे.

सोमवारी सहाला, अंधारातच,
वाल्देमार स्नीथची दुसरी खेप घेऊन उभा.
ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं.
मी नळ्या धुतल्या.