शंभरातून सात

माझ्या यंत्राला बावीस कळा.
कोर्टात बोललेलं सगळं त्यात मावतं.
कुणी नुसती मान हलवली की न्यायाधीश म्हणायचे,
"बाई, तोंडाने सांगा. कागदाला मान दिसत नाही."

नॉर्थ डकोटा, अठ्ठ्याहत्तर सालचा ऑक्टोबर,
बीट काढायचे दिवस.
ट्रकमधून निसटलेले बीट रस्ताभर
कुणाचे कुणाला नको असल्यासारखे पडलेले.
ज्यूरीतले सात जण शेतातून तसेच आलेले,
नखांत काळी माती.

आरोपी आर्लिस ट्वेटन, वय एकेचाळीस.
मयत व्हर्लिन ट्वेटन, नवरा.
बदकं मारायची बंदूक. पहाटे पावणेचार.
"झोपेत," सरकारी वकील म्हणाले,
आणि म्हणतच राहिले, एकोणीस वेळा.
मोजणं माझं काम नव्हे. मी मोजलं.

स्वसंरक्षण म्हणायचं
तर कायद्याला उगारलेला हात लागतो.
तो हात त्या वेळी उशीखाली होता.
बाकीच्या सोळा वर्षांतला हात
पुराव्यात दाखल करून घेतला नाही.

म्हणून वेड.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात;
तिला आधी वेडी करायचं ठरलं,
मग पायरी चढवली.
पण पांघरलेलं वेड तिच्या अंगाला होईना.
बाह्या आखूड, मनगट बाहेर,
आणि मनगटावर वाकडं जुळलेलं ते हाड
ज्याच्यासाठी माझ्याकडे कळ नव्हती.

फार्गोहून आलेले डॉक्टर ओबर्ग दोन तास बोलले.
लांब लांब शब्द. मी तीनदा स्पेलिंग विचारलं.
तिने एकदाही वर पाहिलं नाही.

मग पान दोनशे बारा.
सरकारी वकील: शंभरातून सात वजा करा.
पुन्हा सात. करत जा, थांबू नका.
उत्तर: त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी.
बाहत्तर. पासष्ट. अठ्ठावन्न. एक्कावन्न.
चव्वेचाळीस. सदतीस. तीस.
तेवीस. सोळा. नऊ.
दोन.
सरकारी वकील: आणखी काही विचारायचं नाही.
ते हसत बसले.
हसणं मी टिपत नाही.

वकीलबाई कुचेरा उठल्या. वयाने लहान,
सूट बहिणीचा असावा, खांद्यांत सैल.
प्रश्न: एवढं भराभर कुठे शिकलात?
उत्तर: कपाटात.
प्रश्न: कुठल्या कपाटात?
उत्तर: जिन्याखालच्या. कडी बाहेरून होती.
एकेक मोजलं की शंभर लगेच संपतात.
सातने जरा वेळ जातो.
हजारापासून धरलं तर बराच.
प्रश्न: आणि चुकलात तर?
उत्तर: (उत्तर नाही.)
हे कंसातलं आम्हांला लिहिता येतं.
तेवढीच आमची कविता.

निकाल: वेडाच्या कारणाने निर्दोष.
बारा जणांना साडेपाच तास लागले.
पुढे धान्याच्या कोठाराशी हॅल्वर ब्रेक्के भेटला,
ज्यूरीतला चौथा. टोपी हातात फिरवत म्हणाला,
"वेडी कसली! पण फॉर्मवर चौकोन तीनच होते.
तुरुंग द्यायचा नव्हता,
आणि सरळ घरी पाठवायचं धैर्य नव्हतं आमच्यात."
मग बीटच्या भावाबद्दल बोलला.

चार वर्षांनी सरकारी इस्पितळातून पत्र आलं,
रेघांच्या कागदावर, शाळकरी अक्षर.
"पान दोनशे बाराची प्रत मिळावी.
इथे म्हणतात, बरी झालीस की सोडू.
कशातून बरी व्हायचं ते कुणी सांगत नाही,
आजार सापडला की कळवतील.
माझी वजाबाकी बरोबर होती
एवढं माझ्याजवळ कागदावर असू दे."

प्रतीचे पस्तीस सेंट पडतात.
तिने दोन पावल्या चिकटवल्या होत्या, चिकटपट्टीने,
कडा नीट दाबून.
मी पान पाठवलं, शिक्का मारून,
आणि वरचे पंधरा सेंट परत.
तिच्याशी हिशेब चुकवून
चालणार नव्हतं.