कॉट बेसिस

भाडं खोलीचं नाही, कॉटचं.
सहा बाय तीन, खिडकीपासून दुसरी.
हवेचं भाडं बहुधा
खिडकीपाशी झोपणारी भरत असावी.

बाबांनी गादी दाबून पाहिली,
नळ सोडून पाहिला, कडी लावून पाहिली,
तपासायला काहीच उरलं नाही तेव्हा
"किल्ली सांभाळ" म्हणाले आणि जिना उतरले.
त्यांच्या गाडीला अजून तीन तास होते.

औशाच्या घराची किल्ली मी कधी पाहिली नव्हती.
कोणी ना कोणी असायचंच घरात.

स्वातंत्र्य मला भेटलं कर्वेनगरात,
एका मेडिकलच्या काउंटरपाशी.
अंगात ताप, आणि दुकानदार विचारतोय, कोणती देऊ?
मागे वळून पाहिलं.
मागे एक आजोबा, मोजे मागत होते.

वर्गात दुसऱ्याच दिवशी "कामून" म्हणून गेले.
हसले थोडे. वाईट नाही,
कुणाची पायरी चुकली की हसतात तेवढेच.
तेव्हापासून मी इस्त्रीची मराठी घालून जाऊ लागले
आणि दिवसभर जपून बसू लागले,
चुरगळेल म्हणून.

रविवारी संध्याकाळी मेस बंद.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आईला सांगितलं नाही.
"जेवलीस?"
"हो."
"काय होतं?"
मग मी बिस्किटाचा पुडा मांडीवर ठेवून
फोनवर स्वयंपाक करायची.
मटकी केली, कढी केली, भरली वांगी,
एकदा तर ओघात पुरणपोळी.
"आज कसला गं सण?" आई म्हणाली.
असे सात रविवार.

खिडकीपाशी प्रचीती खोब्रागडे, भंडाऱ्याची.
दारापाशी जिनत तांबोळी, बार्शीची.
नावं मालकीणबाईंच्या यादीत वाचलेली.
एरवी आम्ही एकमेकींचे गजर ओळखायचो,
आणि कोण भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलते ते.

आठव्या रविवारी जिनतनं
चादरीखालून किटली काढली.
किटलीला घरात बंदी होती.
तिनं त्यात तांदूळ टाकले, मीठ टाकलं,
प्रचीतीनं न विचारता पाणी वाढवलं,
आणि मजल्याची सगळी वीज गेली.

अंधार.
खालून चपला. "कोण आहे गं वर?"
आम्ही तिघी श्वास धरून,
आणि मला, का कोण जाणे, हसू फुटलं.
"काहून हसून राहिली तू?" प्रचीती कुजबुजली.
"तू कामून हसतीस मग?"
निघून गेलं तोंडातून, बिनइस्त्रीचं.
काहून आणि कामून,
लग्नाच्या पंगतीत अचानक शेजारी बसलेल्या
दोन चुलतबहिणी.
"दोघी गप बसा गं, म्हातारी जिना चढतीये,"
जिनत म्हणाली, आणि तीच सगळ्यात मोठ्यांदा हसली.

कच्चा भात, शेंगाचटणी, एक ताटली.
उजेडाला माझा फोन, उपडा, जमिनीवर.
मध्येच तो थरथरला,
छतावरचा उजेड हलला.
बघते नंतर, म्हटलं.
चटणी फार तिखट होती.

सकाळी पाहिलं. आईचे तीन कॉल.
खाली, साडेअकराला लिहिलेलं: जेवलीस ना?
आई साडेनऊला झोपते.

मी लिहिलं: हो. भात. कच्चा होता.
बराच वेळ काही आलं नाही.
मग आलं: बरं.

पहिलं लेक्चर संपेपर्यंत मी त्या एका शब्दाकडे पाहत होते.
रागावली होती, की
कच्च्या भातावर तिचा विश्वास बसला होता,
पुरणपोळीवर बसला नव्हता तसा?

संध्याकाळी जिना चढताना आठवलं,
किल्ली तर खोलीतच राहिली.
दार ढकललं.
जिनत किटली घासत बसली होती,
मान वर न करता म्हणाली,
चपला बाहेर काढ.